मिठाच्या पिशवीतला बोल्ट

चेश्मे-कबूद
आबान महिन्याची २२ तारीख, इराणी सन १३८३

असलूयेच्या गॅस कारखान्यावर, समुद्राकाठच्या छावणीत राहणाऱ्या आपल्या टोळीच्या सगळ्या भावांनो,

ज्या डोंगराच्या सावलीत तुम्ही जन्मलात, त्या स्याहकूहवर आज तुम्हाला बंदूक उचलता येत नाही. इस्फहानहून गाडी करून येणाऱ्याला येते! वर्षाला रानमेंढ्याचे तीन परवाने निघतात आणि तिन्ही बाहेरच्यांना जातात. आपण मात्र खारट वाऱ्यात पाइप जोडत बसायचं. डोंगर राखला कुणी? आपण. चाळीस मेंढरांचे तीनशे केले कुणी? आपण. एक परवाना गावाच्या नावाचा होता. चार वर्षांपूर्वी एक मेंढा जखमी होऊन दरीत मेला आणि तो परवाना गेला. हे दुखणं तुमचं आणि माझं एकच आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना लिहितो. ज्याच्या हाती पडेल त्याने ते जेवणघरात मोठ्याने वाचावं. तुमच्यातल्या निम्म्यांना या अल्लाहयार मास्तरने पांढऱ्या तंबूतल्या शाळेत अक्षरं शिकवली आणि उरलेल्यांचे कान पिळले. तेवढा हक्क मला आहे.

विषय बंदुकीचा. पाहुण्यांसाठी गावाने स्वतःची एक चांगली रायफल घ्यावी असं समितीचं ठरतंय, आणि कोणती घ्यावी यावर रोज चहा थंड होतो. गेल्या आठवड्यात आलेल्या मोहंदेस म्हणजे इंजिनियर साहेबाची गोष्ट ऐका म्हणजे अडचण कळेल. साहेबाकडे नवी कोरी तीनशे मॅग्नम, वर माझ्या हाताएवढी दुर्बीण. पहिला बार काढला. गोळी कुठे गेली देव जाणे, दुर्बीण मात्र भुवईत घुसली. रक्त पुसत साहेब म्हणाला, "दुकानदार म्हणाला होता, हिने उंट लोळेल."

आपला वनरक्षक हातम शांतपणे म्हणाला, "लोळेल साहेब, लोळेल. उंट दिसेपर्यंत तुम्ही उभे राहा म्हणजे झालं."

दुसऱ्या बाराला साहेबाने चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. मी पाहिलं. ज्या बंदुकीला खांदा घाबरतो तिची गोळी डोळा चुकवतो, हे मी वीस वर्षं सांगतोय. शेवटी मी माझी तीस-शून्य-सहा त्याच्या हातात दिली आणि माझ्याच डब्यातल्या मऊ टोकाच्या गोळ्या दिल्या. दोनशेवीस पावलांवर मेंढा आडवा उभा होता. पुढच्या पायामागे एक वीत, असं मी कानात सांगितलं. तो पडला. एवढंच.

तेव्हा माझं मत, तीस-शून्य-सहा घ्यावी. तुमचं मत कळवा.

आणि एक किरकोळ प्रश्न. मेंढा खांद्यात गोळी घेऊन किती वर्षं जगू शकतो? सहज विचारतोय. माझा धाकटा भाऊ लोहरास्ब तिथेच तुमच्यात असेल. त्याला विचारा. बंदुकीचं आणि मेंढ्याचं त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. माझी पत्रं तो न फोडता परत पाठवतो, म्हणून हे तुमच्या हाती दिलं.

तुमचा,
अल्लाहयार


आजर महिन्याची ९ तारीख

लोहरास्ब,

हे पत्र असलूयेच्या ट्रकच्या ड्रायव्हरने तुझ्या हातात ठेवून समोर उभं राहायचं असं ठरलंय. तू फोडल्याशिवाय तो हलणार नाही. त्याला मी मधाची बरणी कबूल केली आहे, त्याचा जीव घेऊ नकोस.

छावणीत काय झालं ते त्यानेच सांगितलं. पत्र वाचून होईपर्यंत तू पाठ फिरवून बसलास. प्रश्न आला तेव्हा म्हणालास, "मेंढ्यालाच विचारा." मग चहाचा ग्लास धुतलास आणि निघून गेलास.

मेंढ्याला विचारलं, गगू, माझ्या भावा. त्याने सांगितलं.

मी त्या पत्रात एक गोष्ट गाळली. मोहंदेसने मारलेला मेंढा फाटक्या कानाचा होता. डावा कान मधोमध चिरलेला, शिंगांवर अकरा कडी. तोच तो. चार हिवाळ्यांपूर्वी दरीत मेला म्हणून आपण ज्याच्यावर बैठक भरवली होती, तो. दुर्बिणीतून मला कान दिसला नाही. पडल्यावर जवळ गेलो, कान पाहिला आणि खडकावर टेकलो. हातम म्हणाला, "मास्तर, भूत पाहिल्यासारखं काय करताय?" मी म्हणालो, "चढ फार झाला."

कातडं मी एकट्याने सोललं. मोहंदेसची गोळी पलीकडच्या बाजूला, कातड्याखाली उमललेली सापडली. मग उजव्या खांद्याच्या हाडावर सुरी अडली. तिथे चिवट पांढऱ्या गाठीत गुंडाळलेली दुसरी गोळी होती. तीही उमललेली. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवल्या. एक ताजी, एक काळवंडलेली, पण घडण तीच. या खोऱ्यात मऊ टोकाच्या गोळ्यांचा एकच डबा आहे, कुवेतहून आणवलेला, आणि तो माझ्या पेटीत असतो.

तेव्हा फाटक्या कानाला त्या दिवशी लागलेली गोळी माझी होती. आणि तो मेला नाही. खांद्यात शिसं घेऊन चार वर्षं वरच्या कड्यांत, आपल्या नजरेआड जगत राहिला. केवढी चिवट जात! मी तीस वर्षं पोरांना चिकाटीवर निबंध लिहायला लावले आणि कुणी या मेंढ्यावर लिहिला नाही.

पण थांब. मी सहजासहजी मान्य करणारा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवसाचा हिशेब अजून लागत नाही.

आपण दरीच्या दोन बाजूंना होतो. तुझ्याकडे बाबांची जुनी बर्नो रायफल, तिच्यात युद्धाच्या वेळच्या लष्करी गोळ्या, तांब्याने पूर्ण मढवलेल्या. कळप मधून आला, पुढे फाटका कान. मी एक बार काढला आणि कानांनी दोन ऐकले. मग बर्फ आलं आणि रक्ताचा माग बुजला. आठ दिवसांनी दरीत एक मेंढा सापडला. डोकं लांडग्यांनी नेलेलं, बरगडीवर सुईने पाडल्यासारखं बारीक भोक. मऊ टोकाची गोळी तसं भोक पाडत नाही. ती आत उमलते, आडवं पाडते. बारीक भोक पाडून आरपार जाते ती लष्करी गोळी, आणि जनावर मैलभर जाऊन कुढत मरतं. हे शास्त्र आहे! बैठकीत मी हेच सांगितलं. अर्धा तास बोललो, म्हातारे रडले.

तू एकच वाक्य बोललास. "मी गोळी झाडली नाही."

मी विचारलं, "पाच घेऊन गेला होतास. दाखव पाच."

तू बंदुकीला हातसुद्धा लावला नाहीस. मग मी रिवाज म्हणून दाखवला. जो जखमी जनावर डोंगरात टाकून येतो, त्याच्या बंदुकीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती उडत नाही, घरातल्या थोरल्याने काढायचा आणि आईच्या मिठाच्या पिशवीत सात हिवाळे ठेवायचा. मिठाची साक्ष. थोरला मीच होतो. तुझ्या डोळ्यांत बघत मी बाबांच्या बर्नोचा बोल्ट ओढून काढला. बोल्ट नसलेली ती बंदूक तू खांद्यावर टाकलीस आणि तिसऱ्या दिवशी असलूयेच्या ट्रकमध्ये चढलास. तेव्हापासून छावणीतली माणसं "याच्यामुळे परवाना गेला" म्हणतात, हेही ड्रायव्हरने सांगितलं.

फाटका कान जिवंत होता, तर दरीतला मेंढा कुठला? भोक कुणाचं? दुसरा आवाज कुणाचा? झाडली नव्हतीस तर पाच गोळ्या का दाखवल्या नाहीस? पुस्तकांचं कपाट उघडून बसतो आणि पुन्हा बंद करतो.

उत्तर दे. शिवी दे, पण दे.

अल्लाहयार


आजर महिन्याची १७ तारीख

लोहरास्ब,

तुझं उत्तर आलं नाही. ड्रायव्हर म्हणतो, पत्र वाचलंस, घडी केलीस, खिशात ठेवलंस. खिशात ठेवलंस यावर मी दोन दिवस जगलो.

काल हातमला घेऊन त्या दरीत गेलो. त्याला म्हणालो, "मी तिथे होतो त्याच खडकावरून एक बार काढ. मला प्रतिध्वनी ऐकायचा आहे."

"मास्तर, सरकारी काडतूस आहे. अहवालात काय लिहू? मास्तरला ऐकायचं होतं?"

"लिही, लांडगा हाकलला."

"लांडगा नव्हता."

"हाकलला म्हणजे नसणारच ना!"

त्याने बार काढला. ठाप. श्वासभराने पलीकडच्या कड्यावरून दुसरी ठाप, इतकी स्वच्छ की मी वळून पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटला माझा भाऊ! बार एकच होता, दुसरा डोंगराचा होता, म्हणून हातमला मिठी मारली.

तो म्हणाला, "खात्रीला आणखी एक काढू? आता अहवाल तसाही खोटाच आहे."

त्याने काढला. ठाप. मग काहीच नाही. नुसता वारा. तिसरा काढायला लावला. पुन्हा काही नाही.

"वाऱ्यावर असतं, मास्तर," तो म्हणाला. "वारा खालून असला तर परत येतो, वरून असला तर पळून जातो."

"त्या दिवशी वारा कुठून होता?"

"त्या दिवशी मी माझ्या मेहुण्याच्या लग्नात होतो."

येताना तो आणखी एक बोलला. त्या हिवाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातले दोन चोरटे शिकारी त्याने पकडले होते. महिनाभराने. त्यांच्याकडेही लष्करी गोळ्या होत्या. "पण त्या दिवशी ते इथे होते का, देवाला माहीत," म्हणाला.

म्हणजे दुसरा आवाज कड्याचा असेल, चोरट्यांचा असेल किंवा तुझा असेल. डोंगर एकदा हो म्हणाला आणि दोनदा गप्प बसला. घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. गोलंदाम पीठ मळत होती. म्हणाली, "डोंगराला विचारून आलात, मेंढ्याला विचारून आलात. घरात एक माणूस आहे, तिला विचारलंत कधी?"

मी म्हणालो, "कुणाला?"

तिने पिठाच्या हाताने आतल्या खोलीकडे दाखवलं. तिथे दा, आपली आई, ऊन खात बसली होती.

"दाला काय माहीत असणार?" मी म्हणालो.

"हेच," गोलंदाम म्हणाली. "हेच म्हणते मी."

अल्लाहयार


दय महिन्याची ३ तारीख

गगू,

हे कसं लिहू ते समजत नाही. भाषण करणाऱ्याने तीन कागद फाडले.

विचारायला मला सतरा दिवस लागले. आज सकाळी दा चुलीपाशी बसली होती. साखरेचा खडा दातात धरून चहा पीत होती. मी म्हणालो, "दा, त्या दिवशी लोहरास्बने गोळी झाडली होती का?"

ती म्हणाली, "कशाने झाडणार?"

"म्हणजे?"

"त्याच्या बंदुकीत गोळ्या होत्या कुठे?"

ती उठली. तुला तिचे गुडघे माहीत आहेत; हात देऊ केला तर झटकला. ओकच्या बलूत फळांच्या पिठाच्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि एक फडकं काढलं. फडक्यात पाच गोळ्या. लष्करी, तांब्याने मढवलेल्या. पाचच्या पाच.

त्या पहाटे तिने बर्नो रिकामी केली होती. तू तोंड धुवायला झऱ्यावर गेला होतास, मी चहा पीत माझ्या नव्या रायफलचं कौतुक सांगत होतो. तिने बोल्ट मागे ओढला, गोळ्या काढल्या, पुन्हा बंद केला. "नऊ वर्षांची होते तेव्हापासून बापाच्या बंदुका भरतेय," म्हणाली. "रिकामी करायला काय शाळेत जावं लागतं?"

"पण का, दा?"

"तुमचा बाप कसा गेला?"

बाबा कसे गेले हे आपल्याला ठाऊक आहे. दरीच्या दोन बाजूंना दोन चुलतभाऊ, मधे कळप, आणि कळपाच्या मागे बाबा. "आणि तुम्ही दोघं आदल्या दिवशी अंगणात बसून ठरवत होतात," ती म्हणाली, "तू या बाजूला, तो त्या बाजूला. मी ऐकत होते. दोन्ही रिकाम्या करणार होते. तुझी नवी मला उघडता आली नाही."

मी म्हणालो, "बैठकीत का बोलली नाहीस? मी त्याचा बोल्ट काढला तेव्हा तू दारात उभी होतीस."

"तू बोलत होतास," दा म्हणाली. "तू बोलायला लागलास की मधे कुणाला जागा असते का?"

मग गोळ्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या. चहा निवला. नंतर हळू म्हणाली, "वाटलं, बंदूक गेली तर पोरगा राहील. पोरगाच गेला. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

तेव्हा मला तू दिसलास, लोहरास्ब. खडकावर पालथा पडलेला, समोरून कळप चाललाय, तू चाप ओढतोस आणि नुसता खट् आवाज येतो. तुला त्याच क्षणी समजलं असणार की हे हात कुणाचे. आणि बैठकीत मी पाच गोळ्या मागितल्या, तेव्हा "माझी बंदूक रिकामी होती" एवढं म्हटलं असतंस तर सुटला असतास. पण मग मीच गरजलो असतो, "रिकामी केली कुणी?" आणि दाला सगळ्या टोळीसमोर उभं राहावं लागलं असतं. तू तिला झाकलंस. चार वर्षं तिथे खारट पाणी पिऊन झाकलंस.

की रिकामी बंदूक घेऊन डोंगर चढणारा शिकारी म्हणून हसं होईल, ही लाज होती? मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. मी आता कशाबद्दलच खात्रीने बोलत नाही.

तुझा बोल्ट परत द्यावा म्हणून मिठाची पिशवी काढली. दाच्या हातची, लाल-काळ्या नक्षीची. गोलंदाम मागे उभी होती. पिशवीत हात घातला तर बोल्ट खड्यासारखा झालेला. नुसता गंज. मिठाने खाल्लाय. दांडी हलत नाही, तोंडावरून पापुद्रे निघतायत.

गोलंदाम म्हणाली, "चार वर्षं लोखंड मिठात ठेवलंत. आणि मास्तर म्हणवता."

"रिवाज आहे," मी म्हणालो.

"पूर्वी कुणी कधी परत मागितला नसेल," ती म्हणाली. "म्हणून कुणाला कळलं नाही."

खरंच, गगू. आजोबांच्या काळात तीन बोल्ट मिठात गेले, असं ऐकलंय. त्यांतला एकही परत बसवलेला ऐकला नाही. आपण त्याला इमान म्हणत आलो, आणि आत काय होतं ते उघडून पाहिलं नाही. ही ओळ लिहिताना माझ्या मनात भाषण सुरू झालं होतं. थांबवलं.

दाला खोकला आहे. काळजी करण्यासारखा नाही, असं ती म्हणते. मला माहीत नाही.

अल्लाहयार


दय महिन्याची ६ तारीख

छावणीतल्या भावांनो, आणि लोहरास्ब,

हेही पत्र जेवणघरात मोठ्याने वाचावं. लोहरास्बला समोर बसवून वाचावं, मागे नाही.

पहिल्या पत्रात मी बंदुकीचा प्रश्न विचारला होता. तो प्रश्न खोटा होता. कोणती बंदूक घ्यावी हे मला ठाऊक होतं. खरी गोष्ट अशी, की चार वर्षांपूर्वी फाटक्या कानाच्या मेंढ्याला जखमी करून सोडणारी गोळी माझी होती. ती गोळी माझ्यासमोर मेजावर आहे. लोहरास्बने त्या दिवशी एकही गोळी झाडली नाही. त्याच्या पाचही गोळ्या घरात होत्या. त्या घरात का होत्या, हे दाने स्वतः सगळ्या बायकांना झऱ्यावर सांगितलं आहे. मला लिहू दिलं नाही, म्हणाली, "माझं मी सांगेन, तू खूप सांगितलंस." त्यामुळे ज्याला हवं त्याने आपल्या घरून विचारून घ्यावं.

दरीत सापडलेला दुसरा मेंढा कुणी मारला? मला माहीत नाही. ते बारीक भोक कशाचं? मला माहीत नाही. त्या दिवशी कानांनी ऐकलेला दुसरा बार खरा होता की कड्याचा? मला माहीत नाही. भावांनो, तीस वर्षांत माझ्या तोंडून हे तीन शब्द एकत्र ऐकलेला विद्यार्थी तुमच्यात असेल तर त्याने हात वर करावा!

एवढं न कळणाऱ्या माणसाने बैठकीत अर्धा तास भाषण केलं. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचं तुम्ही बघा. भाषणाचं मी बघतो.

परवाना खात्याला मी लिहिलं आहे. गावाची चूक नव्हती, माणसाची होती, आणि तो माणूस मी आहे, असं सहीनिशी. परवाना परत मिळेल की नाही, सांगता येत नाही.

लोहरास्ब, बाबांच्या बर्नोचा बोल्ट मी तुला परत देऊ शकत नाही. तो मिठात गेला. ज्या हाताने काढला त्या हातात आता बसवायला काही उरलं नाही. पण रिवाज अजून उभा आहे. जखमी जनावर डोंगरात टाकून येणाऱ्याच्या बंदुकीचा बोल्ट काढायचा. घरातल्या थोरल्याने काढायचा, असं म्हणतात. थोरलाच चुकला तर कुणी काढायचा, हे कुणी सांगून ठेवलं नाही. मी सांगतो. धाकट्याने.

वर्षाच्या शेवटच्या गुरुवारी सगळी टोळी कबरींवर येते. तुम्ही सगळे त्या दिवशी रजा घेऊन येताच. बाबांच्या कबरीच्या दगडावर त्यांची बर्नो कोरलेली आहे. त्या दगडाशेजारी मी माझी तीस-शून्य-सहा घेऊन उभा असेन. दा तिथे बसलेली असेल. मी बोलणार नाही. एक शब्दही नाही.

ये. सगळ्यांच्या देखत माझ्या बंदुकीचा बोल्ट ओढून काढ, आणि आपल्या हाताने दाच्या ओटीत ठेव. मिठात नको.

अल्लाहयार